हाती आलेली पाने

नवरात्रात चेन्नईच्या घरांत पायऱ्या उभ्या राहतात. लाकडी फळ्यांच्या या तीन, पाच, सात किंवा नऊ पायऱ्यांवर पांढरे शुभ्र वस्त्र अंथरतात आणि त्यावर बाहुल्या मांडतात. याला कोलू म्हणतात. मैलापूरला कपालीश्वराच्या देवळाजवळ उत्तर माड रस्त्यावर त्या दिवसांत बाहुल्यांचा बाजार भरतो आणि दरवर्षी एखादी तरी नवी बाहुली घरी आणण्याची चाल आहे. माझी धाकटी बहीण त्याच भागात राहते. तिचे सासर मूळचे तंजावरच्या मराठी कुळांपैकी. पिढ्यान् पिढ्या कावेरीकाठी राहून पुढे मद्रासला आलेले हे लोक घरात अजून मराठी बोलतात आणि नवरात्रात मात्र पक्क्या तमिळ रीतीने कोलू मांडतात.

मागच्या नवरात्रात मी तिच्याकडे गेले, तेव्हा कोलूसाठी एक भेट नेली होती. सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफांचा तो संच होता. लाखेचा हात दिलेली, रंगवलेली गोल पाने आणि त्यांची चित्रे काढलेली पेटी. तिसऱ्या पायरीवर तिला मानाची जागा मिळाली. पेटी ठेवून मी मागे वळले, तो बहिणीचा चेहरा उतरलेला दिसला.

“ताई, पत्ते आणलेस ते देवाचे आहेत म्हणून ठेवते,” ती म्हणाली, “पण पत्त्यांनी या घरात फार ताप दिला आहे.”

मग सारी हकीकत कळली. माझा भाचा तेरा वर्षांचा. गणिताच्या सरावपुस्तकासाठी दिलेले पैसे त्याने पुस्तकाला न लावता पत्त्यांच्या बंद पाकिटांवर खर्च केले होते आणि पुस्तक मित्राला वाचायला दिले आहे, असे सांगून वेळ मारून नेली होती. कपाटामागे बिस्किटांचा एक मोठा डबा सापडला. त्यात पंधराएक पाकिटांतली दोनशेहून अधिक पाने होती. बहिणीचे म्हणणे एकच होते की हा जुगार आहे आणि डबा रद्दीत गेला पाहिजे. भाचा कोपऱ्यात बसून म्हणत होता की हा जुगार नाही, खेळ आहे. दोघांचेही डोळे भरलेले होते.

वाचकहो, असा प्रसंग आज पुष्कळ घरांत येतो. आपल्या लहानपणी मुले काड्यापेटीवरचे छाप जमवीत, च्युइंगगमच्या वेष्टनातील क्रिकेटपटूंची चित्रे जमवीत आणि त्यांची अदलाबदल करीत. त्या हौसेचा हा पुढचा अवतार आहे. परंतु या अवताराची घडण निराळी आहे. ती समजून न घेता मुलाला रागे भरणे किंवा ती न समजताच त्याला पैसे देणे, या दोन्ही गोष्टी सारख्याच घातक आहेत.

या खेळाचा उगम ठाऊक असणे बरे. रिचर्ड गारफील्ड नावाच्या अमेरिकन गणितज्ञाने ‘मॅजिक: द गॅदरिंग’ हा पत्त्यांचा खेळ रचला आणि तो १९९३ साली बाजारात आला. त्याआधी त्याने एका छोट्या प्रकाशन संस्थेला दुसराच एक खेळ दाखविला होता. संस्थेच्या चालकाने त्याला सांगितले की बरोबर सहज नेता येईल आणि थोड्या वेळात खेळून होईल असा काही खेळ असेल तर पाहू. त्यातून हा खेळ जन्मला. नेहमीच्या बावन्न पत्त्यांत सर्वांपुढे तीच पाने असतात. गारफील्डची कल्पना अशी की पाने शेकडो प्रकारची असावीत, प्रत्येकावर त्या पानाचा स्वतंत्र नियम लिहिलेला असावा आणि खेळणाऱ्याने त्यांतून आपला स्वतःचा जोड बांधून खेळायला बसावे. पुढे १९९६ साली जपानमध्ये पोकेमॉनचा असाच खेळ निघाला. आज आपल्या शहरांतील मुलांच्या दप्तरांत जी चित्रविचित्र पाने दिसतात, ती याच कुळातील होत.

ही पाने बंद पाकिटांतून विकली जातात. ‘मॅजिक’च्या नेहमीच्या पाकिटात पूर्वी १५ पाने असत, २०२४ पासून १४ असतात. त्यांत बहुतेक पाने साधी, थोडी कमी आढळणारी आणि एखादे दुर्मिळ. २००८ पासून दुर्मिळांतही एक अतिदुर्मिळ वर्ग निघाला. पाकीट फोडेपर्यंत आत काय आहे हे कळत नाही. मुलाचा जीव अडकतो तो येथे. भाच्यालाही असेच एक अतिदुर्मिळ पान हवे होते. त्याच्या मित्राजवळ ते होते. त्याच्याजवळ नव्हते.

बहिणीच्या सासूबाई आतापर्यंत सुंडलासाठी चणे निवडीत शांतपणे ऐकत होत्या. त्या मुलींच्या शाळेत तीस वर्षे गणित शिकवून निवृत्त झालेल्या. त्यांनी सूप बाजूला ठेवले, नातवाला जवळ बोलावले आणि पाटी आणायला सांगितली.

“तुझे ते पान किती पाकिटांत एकदा निघते?” त्यांनी विचारले.

भाच्याने सांगितले की अतिदुर्मिळ पान सुमारे आठ पाकिटांत एकदा निघते आणि त्या मालिकेत अशी पाने पंधरा आहेत. त्या पंधरांतले नेमके एक त्याला हवे होते.

आजींनी गुणाकार केला. आठ गुणिले पंधरा, म्हणजे एकशेवीस. “सरासरीने १२० पाकिटांत एकदा,” त्या म्हणाल्या. “तू पंधरा फोडलीस.” भाच्याचा चेहरा उजळला. त्याला वाटले, आणखी १०५ पाकिटे फोडली की पान हाती येईल. आजींनी मान हलवली. मागची पाकिटे रिकामी गेली म्हणून पुढच्या पाकिटाला त्याची लाज वाटत नाही. प्रत्येक पाकीट नव्याने तेवढेच कठीण असते. त्यांनी पुढे हिशेब मांडला की शंभर मुलांनी प्रत्येकी १२० पाकिटे फोडली, तरी त्यांपैकी सुमारे ३७ मुलांना ते पान मिळणारच नाही. एका पाकिटाला चांगल्या पुस्तकाइतकी किंमत पडते. १२० पुस्तकांचे कपाट डोळ्यांपुढे आणून पाहा, म्हणजे त्या एका पानाची खरी किंमत कळेल.

खोलीत थोडा वेळ कोणी बोलले नाही. मग बहीण म्हणाली, “म्हणजे जुगारच की!”

या ठिकाणी मेहुणे मध्ये पडले. ते वकिली करतात आणि घरातल्या कोणत्याही वादाला कायद्याची बाजू जोडल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. त्यांनी सांगितलेली माहिती मात्र उपयोगाची होती. सर्वोच्च न्यायालयाने १९६८ साली आंध्र प्रदेशातील एका क्लबाच्या खटल्यात असा निर्णय दिला की रमी हा निव्वळ नशिबाचा खेळ नव्हे. उतरलेली पाने ध्यानात ठेवावी लागतात, कोणते पान हाती धरावे आणि कोणते टाकावे याचा विचार करून डाव बांधावा लागतो आणि या बांधणीत कौशल्य आहे. मात्र त्याच निकालात न्यायालयाने हेही बजावले की खेळाच्या आडून कोणी जुगार चालवून नफा काढीत असेल, तर तो गुन्हा ठरू शकतो. पुढे १९९६ साली मद्रास रेस क्लबाच्या घोड्यांच्या शर्यतींबाबतही कौशल्य की नशीब, हाच प्रश्न त्या न्यायालयापुढे आला आणि शर्यत हा मुख्यतः कौशल्याचा खेळ ठरला. तरीदेखील कौशल्याच्या नावाखाली किती संसार धुळीस मिळू शकतात हे पाहून संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये जो कायदा केला, त्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांना मनाई केली. तो खेळ कौशल्याचा असो की नशिबाचा, हा भेद त्या कायद्याने मानला नाही.

“मग आमचा खेळ कशात बसतो?” भाच्याने विचारले.

मेहुणे म्हणाले, “पाकीट विकत घेऊन फोडणे हे एक काम आणि पानांनी खेळणे हे दुसरे. दुसऱ्यात अक्कल लागते, हे मला मान्य आहे. पहिल्यात काय लागते ते आजीने पाटीवर लिहिले आहे.” हा प्रश्न आपल्याच घरात निघतो असे नाही. संगणकावरील खेळांत पैसे देऊन बंद पेट्या उघडण्याचा जो प्रकार आहे, तो काही खेळांच्या बाबतीत जुगारच होय, असे बेल्जियमच्या जुगार नियंत्रण मंडळाने २०१८ साली ठरविले होते.

यानंतर जे घडले, ते भाच्यामुळे घडले. तो म्हणाला की याच पानांनी खेळण्याची एक निराळी रीत आहे. तिला ड्राफ्ट म्हणतात. तिच्यात कोणाच्या घरी किती पाने आहेत याला काही अर्थ नसतो आणि नवे काही विकत घ्यावे लागत नाही. डब्यातली पानेच पुरतील. रद्दीत टाकण्यापूर्वी एकदा खेळून पाहा.

बहिणीने होकार दिला नाही, पण नकारही दिला नाही. आजी म्हणाल्या, “नियम सांग.”

नियम असे आहेत. प्रत्येक खेळाडूपुढे पंधरा पानांचे एक पाकीट पालथे ठेवतात. प्रत्येकाने आपले पाकीट उचलावे, त्यातील एकच पान निवडून आपल्याजवळ ठेवावे आणि उरलेली चौदा डाव्या हाताच्या शेजाऱ्याला द्यावीत. उजव्या शेजाऱ्याकडून चौदा पाने आपल्याकडे येतात. त्यांतून पुन्हा एक घ्यावे, तेरा पुढे द्यावीत. असे करीत पहिले पाकीट संपले की दुसरे घ्यावे आणि या वेळी पाने उजवीकडे द्यावीत. तिसरे पुन्हा डावीकडे. शेवटी प्रत्येकाजवळ ४५ पाने जमतात. खेळायचा जोड किमान चाळीस पानांचा असतो आणि त्यातली सुमारे सतरा पाने जमिनीची असतात. जमीन म्हणजे या खेळातील मिळकत. ती पाच प्रकारची असते: मैदान, बेट, दलदल, डोंगर आणि अरण्य. त्यांच्यापासून अनुक्रमे पांढरे, निळे, काळे, तांबडे आणि हिरवे बळ मिळते आणि त्या बळावर बाकीची पाने खेळता येतात. आपल्या प्रत्येक पाळीला जमिनीचे एकच पान मांडता येते. म्हणून पहिल्या पाळीला एकाचे बळ, दुसरीला दोहोंचे, असे ते चढत जाते. जमिनीची पाने सर्वांना हवी तेवढी फुकट मिळतात. निवडीतून आलेल्या ४५ पानांतली सुमारे २३ जोडात घ्यायची आणि २२ बाहेर ठेवायची.

आम्ही चौघे बसलो. आजी, भाचा, अकरावीतली भाची आणि मी. चौघांना प्रत्येकी तीन पाकिटे, म्हणजे १८० पाने लागली. ती डब्यातून काढून पिसून घेतली आणि पंधरा-पंधराच्या बारा गड्ड्या केल्या. जमिनीची पाने मात्र पुरेना. तेव्हा भाचीने जुन्या लग्नपत्रिका कापून त्यांवर रंगीत खडूने झाडे, डोंगर आणि लाटा काढल्या. सगळी पाने सारख्या प्लास्टिकच्या वेष्टनांत घातल्यावर कोणते पान दुकानातले आणि कोणते लग्नपत्रिकेचे, हे पाठीवरून ओळखू येईना.

निवड सुरू झाली. मी चित्रे पाहून पाने घेत गेले. पंखांचा घोडा आवडला म्हणून तो घेतला, समुद्रातला मोठा मासा आवडला म्हणून तो घेतला. भाच्याने पहिलेच पान उचलले तो सोनेरी काठाचा एक अजस्र ड्रॅगन होता. भाची शांतपणे निळी आणि काळी पाने गोळा करीत होती. आजी पानाचे चित्र पाहातच नव्हत्या. प्रत्येक पानाच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात त्याची किंमत छापलेली असते, म्हणजे ते खेळायला किती बळ लागते ते. त्यांची नजर तेवढ्या कोपऱ्यावर होती.

चौघेच असल्यामुळे पाचव्या खेपेला ज्याचे त्याचे पाकीट फिरून परत येत होते. आजींनी पहिल्या गड्डीतली पाने ध्यानात ठेवली होती. गड्डी परत आली तेव्हा कोणती चार गेली, हे त्यांनी पाहिले आणि कोणाला काय हवे आहे याचा अंदाज बांधला. त्यांच्या उजवीकडे भाची बसली होती. तिच्याकडून येणाऱ्या गड्ड्यांत चांगली हिरवी पाने उशिरापर्यंत येत होती. याचा अर्थ भाची हिरवे घेत नव्हती. आजींनी हिरवे धरले. रमीत उतरलेले पान पाहून शेजाऱ्याचा हात ओळखतात, त्यातलाच हा प्रकार. फरक एवढाच की येथे शेजाऱ्याने सोडलेल्या पानांवर आपला सारा जोड उभा राहतो.

मग २३ पाने निवडण्याची वेळ आली आणि खरा पेच तेथे पडला. माझ्याजवळ पाचही रंगांची पाने होती. मला एकही टाकवेना. बरीच काटछाट करून मी तीन रंगांवर आले. भाच्याने ड्रॅगनाला साजेशी मोठमोठी पाने घेतली. आजींनी पांढरे आणि हिरवे, असे दोनच रंग ठेवले आणि पाने किमतीच्या क्रमाने ओळीत मांडली. एक-दोन किमतीची नऊ, तीनची सहा, चारची चार, पाचची तीन आणि त्याहून मोठे फक्त एक. एकूण तेवीस.

“पगार महिन्याच्या महिन्याला येतो,” त्या म्हणाल्या, “वर्षाचा एकदम येत नाही. पहिल्या आठवड्यात दूध, भाजी, भाडे यांची सोय नको का? सगळी खरेदी दागिन्यांची केली तर दिवाळीपर्यंत उपाशी राहावे लागेल.” जमिनी सतराच का, याचाही त्यांनी हिशेब केला. सुरुवातीला हाती सात पाने येतात. चाळीसांत सतरा जमिनी असल्या की त्या सातांत सरासरीने तीन येतात. कमी ठेवल्या तर पाने हातात अडकतात. जास्त ठेवल्या तर मिळकत आहे पण खर्चायला काही नाही, अशी स्थिती होते.

डाव आजींच्या हिशेबाप्रमाणेच झाला. प्रत्येकाजवळ वीस गुणांचे आयुष्य असते. ते संपले की डाव संपला. भाच्याचा ड्रॅगन सातांच्या बळावर चालणारा. त्याच्यासमोर चार जमिनी जमल्या होत्या, तोवर आजींच्या लहानसहान प्राण्यांनी त्याचे आयुष्य कुरतडून संपविले. ड्रॅगन शेवटपर्यंत हातातच राहिला. माझ्या हाती तांबडी पाने आणि समोर अरण्ये व बेटे. मी तिन्ही डाव हरले. आजी काही अजिंक्य ठरल्या नाहीत. भाचीने त्यांना एका डावात हरविले आणि भाचीला भाच्याने. त्या तिघांच्या खाती प्रत्येकी दोन विजय जमा झाले. पण एक गोष्ट सर्वांच्या ध्यानात आली. आजींचा जोड ज्या पानांचा होता, ती मुले ज्यांना निकामी म्हणून डब्याच्या तळाशी टाकतात, तीच पाने होती.

संध्याकाळी सुंडल वाटून झाल्यावर मी कोलूवरची गंजिफांची पेटी खाली काढली. पत्ते हाती येण्याचे निरनिराळे प्रकार मुलांना दाखवावे, असे मनात आले. गंजिफा आपल्याकडे फार जुन्या. बाबराने १५२७ साली सिंधमधील शाह हसनला गंजिफा पाठविल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रात आहे. पुढे या देशातल्या कारागिरांनी त्यांना विष्णूच्या दहा अवतारांचे रूप दिले. सावंतवाडीच्या चितारी लोकांच्या हातची ही कला मावळू लागली होती. १९७० नंतरच्या दशकात शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनी राजवाड्यात कारागिरांना आश्रय देऊन तिला पुन्हा उभे केले.

दशावतारी संचात दहा रंग आणि प्रत्येकात बारा पाने असतात. एक राजा, एक वजीर आणि एक्क्यापासून दश्शापर्यंत दहा. एकूण १२०. तिघे खेळायला बसले तर प्रत्येकाच्या वाट्याला चाळीस पाने येतात. आमच्या ड्राफ्टच्या जोडातही तेवढीच होती. पण गंजिफांत ती वाटून दिली जातात. जे आले ते आले. रमीत त्यापुढची पायरी आहे. आलेल्यातले टाकता येते आणि नवे उचलता येते. ड्राफ्टमध्ये एकेक पान स्वतः निवडावे लागते. म्हणून जोड बिघडला तर वाटणाऱ्याला दोष देण्याची सोय उरत नाही. आणि बंद पाकीट विकत घेऊन फोडण्यात यांपैकी काहीच नाही. तेथे वाटप दुकानात झालेले असते आणि पैसे आपले जातात.

गंजिफांचा एक नियम मुलांना फार आवडला. निम्म्या रंगांत राजा-वजिराखालोखाल दश्शा मोठा असतो आणि एक्का सर्वांत लहान. उरलेल्या निम्म्या रंगांत हाच क्रम उलटा होतो आणि तेथे एक्का मोठा ठरतो. दिवसा खेळायला बसले तर डावाचा आरंभ रामाकडून होतो आणि रात्री कृष्णाकडून. पानाची किंमत पानावर छापलेली नसते, ते कोणत्या रंगात आणि कोणत्या वेळी आले यावर ती ठरते, हे जुन्या लोकांना पक्के ठाऊक होते. भाचा पेटीतला एक एक्का हातात घेऊन बराच वेळ पाहात बसला.

दुसऱ्या दिवशी आम्ही साऱ्या पानांची पुन्हा मोड केली, पिसली आणि नव्याने गड्ड्या बांधल्या. या रीतीचा हा मोठाच गुण आहे. खेळ संपला की पाने सामाईक डब्यात परत जातात आणि तोच डबा वर्षानुवर्षे पुरतो. खेळणारे लोक अशा कायम संचाला ‘क्यूब’ म्हणतात. आठ जणांसाठी ३६० पाने लागतात, चौघांना १८० पुरतात. या वेळी बहीणही येऊन बसली, आणि मेहुणे आजींच्या मागे उभे राहून सल्ले देऊ लागले. आजींनी त्यांना तेथून घालविले.

त्या संध्याकाळी घरात काही गोष्टी ठरल्या. सरावपुस्तकाचे पैसे भाच्याने दर आठवड्याच्या खाऊच्या पैशांतून फेडायचे आणि ते वहीत लिहायचे. पाकिटे फोडणे बंद. वाढदिवसाला कोणी पाकिटे भेट दिली, तर ती एकट्याने न फोडता चौघांनी ड्राफ्ट करून फोडायची आणि पाने डब्यात टाकायची. मोठ्या मुलांशी पानांची अदलाबदल करायची असेल तर आधी एक रात्र जाऊ द्यायची, कारण भाच्याने एका चकचकीत पानासाठी दहा पाने देऊन टाकली होती आणि ते कळल्यावर तो दोन दिवस जेवला नव्हता, असे आता बाहेर आले. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे पैशाची गोष्ट आईपासून लपवायची नाही. यावर बहीण काही बोलली नाही. तिने फक्त डबा कपाटामागून काढून दिवाणखान्यातल्या फळीवर, सर्वांना दिसेल असा ठेवला.

“पण मला ते पान अजून हवेच आहे,” भाचा प्रामाणिकपणे म्हणाला.

त्याला कोणी रागावले नाही. हवेसे वाटणे हा काही अपराध नव्हे. आजी म्हणाल्या, “मग वर्षभर पैसे साठव आणि ते एकच पान उघड विकत घे. किंमत आधी कळेल, आणि देताना हात आखडला तर तेही आपोआप कळेल.” सुटे पान विकत मिळते आणि १२० पाकिटांच्या मानाने ते पुष्कळच स्वस्त पडते, हे भाच्यालाही ठाऊक होते. त्याने वहीच्या दुसऱ्या पानावर नवे खाते उघडले.

आपल्यापैकी ज्यांच्या घरी असा डबा असेल, त्यांना माझी विनंती एवढीच आहे की तो रद्दीत टाकण्यापूर्वी एकदा मुलासमोर मांडी घालून बसावे आणि नियम सांग म्हणावे. निवडीच्या त्या अर्ध्या तासात मूल कशाला भुलते, काय सोडू शकते आणि शेजाऱ्याकडे लक्ष देते की नाही, हे जेवढे स्पष्ट दिसते तेवढे एरवी दिसत नाही. आपले स्वतःचेही दिसते. मला एकही पान टाकवत नाही, हे मला वयाच्या या टप्प्यावर त्या सतरंजीवर बसून कळले. मी घरी परतल्यावर पहिल्याच रविवारी माळा आवरला.

दुसऱ्या दिवशीच्या डावाचे सांगायचे राहिले. भाचा माझ्या उजवीकडे बसला होता. पहिल्याच गड्डीत त्याला पुन्हा तो सोनेरी ड्रॅगन आला. त्याने त्याच्याकडे पाहिले, शेजारच्या दोन किमतीच्या एका साध्या हिरव्या पानाकडे पाहिले, आणि हिरवे पान ठेवून घेऊन गड्डी माझ्याकडे सरकविली. आजी चष्म्यावरून पाहात होत्या, पण बोलल्या नाहीत.

ड्रॅगन मी घेतला. चित्र फारच सुरेख होते. त्या दिवशीही मी तिन्ही डाव हरले.